पोरगी म्हणते, जर्मनची प्राध्यापक होणार. सोलापुरातून वाट कशी काढायची?

सातरस्ता:
नमस्कार मंडळी. धागा घरगुती आहे, पण मनापासून विचारतोय.

माझी मुलगी बारावीला आहे. दहावीच्या सुट्टीत मोबाईलवर जर्मन शिकायला लागली. आम्हाला वाटलं, चार दिवसांचं खूळ असेल. आता ए२ पातळी झालीय, बी१ चालू आहे. परवा जेवताना म्हणाली, "पप्पा, मला जर्मन साहित्यात एम.ए. करायचंय आणि कॉलेजात शिकवायचंय." जर्मनीला जायचंय असं नाही म्हणाली. शिकवायचंय म्हणाली.

घरात दोन तट पडलेत. मेव्हणे म्हणतात, इंजिनीअरिंग कर आणि भाषा सोबत ठेव. माझी आई म्हणते, परक्याची भाषा शिकून इथल्या पोरांना शिकवणार, मग खाणार काय? मला एवढंच समजून घ्यायचंय की जर्मनचा प्राध्यापक दिवसभर करतो तरी काय? नुसतं व्याकरण? नोकऱ्या कुठं असतात? आणि सोलापुरातून निघालेलं कुणी या वाटेनं गेलंय का? गेलं असेल तर कृपा करून लिहा.

चाकणवाला:
दादा, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. मी पुण्यात जर्मन कंपनीतच आहे. आमच्याकडं जर्मन येणाऱ्याला मान आहे, पण तो इंजिनीअर असून जर्मन येत असेल तर. नुसत्या एम.ए.ला भाषांतराचं काम मिळतं, तेही तुकड्यातुकड्यानं. मेव्हण्यांचं ऐका.

शेंगाचटणी:
आजीला सांगा, मॅक्स म्युलर परक्याची भाषा शिकून आयुष्यभर जेवला. १८४९ ते १८७४ अशी पंचवीस वर्षं ऋग्वेद छापत बसला होता आणि भारतात एकदाही आला नाही.

होटगीरोड:
आमचा टॉवेलचा कारखाना आहे. दरवर्षी जानेवारीत फ्रँकफुर्टला हाइमटेक्स्टिल भरतं, घरगुती कापडाचं मोठं प्रदर्शन. आमचे दोन-तीन दिवस तिथंच जातात, आणि नेमके सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या आसपास. अक्षता सोहळा चुकला की आई वर्षभर बोलून दाखवते.

तिथं गिऱ्हाईक इंग्रजी बोलतं. पण दोन जर्मन खरेदीदार आपसात बोलायला लागले की आपण बहिरे. एका वर्षी पुण्याची एक मुलगी दुभाषी म्हणून सोबत नेली. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "काका, टॉवेलला हांडटूख म्हणतात. हांड म्हणजे हात, टूख म्हणजे कापड." आयुष्यभर हाताचं कापड विकलं आणि त्याचं नाव असं साठीला कळलं! त्या दिवसांत तिनं जे ऐकून सांगितलं, त्यावर आमची एक ऑर्डर वाचली. सोलापुरात अशी दहा माणसं हवीत. माझा सातरस्तासाहेबांना पाठिंबा.

श्टुटगार्टची_नर्स:
मी मूळची अक्कलकोट रोडची. सध्या श्टुटगार्टजवळच्या एका गावात नर्स आहे. इथं कामाला लागायचं तर बी२ लागतंच. माझं बी२ कागदावर पक्कं होतं, पण वॉर्डात पहिल्या दिवशी एक म्हातारे आजोबा त्यांच्या श्वेबिश बोलीत काहीतरी म्हणाले आणि मला एक अक्षर कळलं नाही. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. नंतर कळलं की ते फक्त खिडकी लावायला सांगत होते.

हे लिहायचं कारण असं की मला जिनं शिकवलं, तिनं मला फक्त पेपर सोडवायला शिकवलं होतं. चांगले शिक्षक फार कमी आहेत. २०२४ ला महाराष्ट्र सरकारचा आणि इथल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याचा करार झाला, दहा हजार कुशल तरुण पाठवायचे म्हणून. दहा हजारांना शिकवणार कोण? ज्यांना भाषा आतून येते अशी माणसं लागतात. ताईला म्हणावं, हो प्राध्यापक.

आणि एक विनंती. "सहा महिन्यांत जर्मनी" म्हणून लाखभर रुपये आगाऊ मागणाऱ्यांपासून लांब राहा. माझ्या मैत्रिणीचे पैसे असेच गेले.

पूर्वी_सीएचबी:
आता दुसरी बाजू मी लिहितो. मी सात वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, जर्मन शिकवलं. कॉलेजचं नाव घेत नाही. सकाळी एका गावात, दुपारी दुसऱ्या. सीएचबीचं मानधन कधी मार्चमध्ये, कधी दिवाळीनंतर. उन्हाळ्याच्या सुट्टीत शून्य. केंद्रीय विद्यालयांत २०११ पासून तिसरी भाषा म्हणून जर्मन शिकवायला लागले होते. आमच्यातले बरेच जण तिकडं गेले. २०१४ च्या नोव्हेंबरात वर्ष अर्ध्यात असताना ती काढून संस्कृत आणली. संस्कृतशी माझं भांडण नाही, पण ज्यांनी घरदार हलवलं होतं त्यांचं काय झालं ते मी जवळून पाहिलंय. मी आता विम्याचं काम करतो. पोरीला हे आधीच सांगा.

चाकणवाला:
हेच म्हणत होतो.

साखरपेठ:
सातरस्ता, तुम्ही विचारलंत की सोलापुरातून कुणी गेलंय का. मी गेले. साखर पेठेतून. आज परराज्यातल्या एका विद्यापीठात जर्मन शिकवते. सुट्टीत घरी आलेय, म्हणून हा धागा दिसला. सविस्तर लिहिते.

आमचं घर पद्मशाली, विणकरांचं. घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत दोन्ही आणि वर कानडी. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात तेंदूची पानं. तिचा हात कधी थांबलेला मी पाहिला नाही. मी समोर बसून पाढे म्हणायचे. पंचवीस म्हणताना मी अडखळायचे, कारण तेलुगूत आधी वीस येतात आणि मग पाच, इरवै ऐदु. मराठीत आधी पाच. पुढं जर्मनच्या पहिल्या तासाला सरांनी फळ्यावर लिहिलं, फ्युन्फ-उंड-त्स्वान्त्सिश, पाच आणि वीस. इंग्रजी माध्यमाची सगळी मुलं वैतागली. मला मात्र हसू आलं. हे कोडं मी आईच्या सुपासमोर कधीच सोडवलं होतं.

जर्मन मला भेटली ती अशी. वडिलांच्या कारखान्यात जर्मनीहून एक जुना माग आणला. सोबत जाडजूड पुस्तक, सगळं जर्मनमध्ये. एका पानावर लाल चौकटीत एक शब्द आणि खाली हाताचं चित्र. वडिलांनी ते पुस्तक घरी आणलं आणि मला म्हणाले, "तू अकरावीत आहेस ना, वाच बघू." मला येईना. दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या सोबत्याचं बोट गेलं. तो शब्द होता आख्टुंग. सावधान. अंदाज कुणालाही आला असता, चित्र होतंच. पण खालच्या चार ओळींत काय लिहिलंय ते कुणालाच वाचता आलं नव्हतं. ते माझ्या मनातून गेलं नाही.

बी.ए. इथंच केलं. मग हुतात्मा एक्सप्रेसनं पुणं गाठलं आणि फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये सर्टिफिकेटपासून एम.ए.पर्यंत शिकले. सकाळी क्लास, संध्याकाळी शिकवण्या. नेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, दुसऱ्या खेपेला निघाली. मधली चार वर्षं मीही सीएचबीवर काढलीत, त्यामुळं वरच्या दादांचं एकही अक्षर खोटं नाही. मग पक्की नोकरी लागली. त्यानंतर डाड या जर्मन संस्थेची शिष्यवृत्ती मिळाली आणि पीएच.डी.च्या कामासाठी जर्मनीत राहिले.

दिवसभर काय करते? सकाळी पहिल्या वर्षाला डेअर-डी-दास, म्हणजे जर्मनचं तो-ती-ते. चाळीस पोरं आणि चाळीस प्रकारचे उच्चार. मग एम.ए.चा साहित्याचा तास. दुपारी लांडेसकुंडे, म्हणजे देश, समाज, इतिहास, सणवार, निवडणुका, रेल्वे, कचरा वेगळा कसा करतात इथपर्यंत सगळं. रात्री निबंध तपासणं आणि उरलेल्या वेळात भाषांतर. व्याकरण यातला पाव हिस्सा असेल.

आता जेवायला हाक आलीय. संशोधनाचं उद्या लिहिते, कारण ते सोलापूरचंच आहे.

शेंगाचटणी:
साखरपेठ अक्का, जेवण लवकर उरका.

विजापूरवेस:
एक शंका. "मराठी माणसाला जर्मन सोपी, दोन्हीकडं तीन लिंगं" असं सगळे क्लासवाले सांगतात. मी सहा महिने शिकलो. त्यांच्याकडं सूर्य बाई आहे आणि चंद्र बाप्या! मांजर आपल्याकडं ते, त्यांच्याकडं ती. टेबल आपल्याकडं ते, त्यांच्याकडं तो. मग उपयोग काय झाला? उलट जास्त गोंधळ.

साखरपेठ:
विजापूरवेस, जुळण्याची अपेक्षा ठेवलीत तर गोंधळ होणारच. घर आणि पुस्तक दोन्हीकडं नपुंसकलिंगी आहेत, पण तो योगायोग. खरा उपयोग दुसरा आहे. निर्जीव वस्तूला लिंग असतं आणि ते पाठच करावं लागतं, याचा मराठी पोराला धक्का बसत नाही. जर्मनमध्ये मुलगी म्हणजे मेडशेन हा शब्द नपुंसकलिंगी आहे. इंग्रजी माध्यमाच्या मुलांना ते अपमानास्पद वाटतं. मी म्हणते, आपण "ते पोरगं" म्हणतोच की. वर्ग लगेच शांत.

गौण वाक्यात क्रियापद शेवटी जातं, तेही आपल्याला घरचंच. आणि शब्द जोडायची पद्धत तर आपल्या समासासारखीच. हातमोजाला ते म्हणतात हांडशू, हाताचा बूट. दवाखान्याला क्रांकेनहाउस, म्हणजे सरळ रुग्णालय. मागाला वेबश्टूल, विणायची खुर्ची. हा शब्द मला फार आवडतो, कारण हातमागावर माणूस बसूनच विणतो आणि तो शब्द ऐकला की मला ते बसणं आठवतं.

मंगळवेढेकर:
विषय थोडा उलटा फिरवतो. जर्मनांनी आपलं काय अभ्यासलं? संस्कृतचं सगळ्यांना माहीत आहे, बॉनला १८१८ पासून श्लेगल होता. पण मला भावतो तो हायडेलबर्गचा गुंथर सोंथायमर. धनगरांसोबत फिरला. बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्यावर १९७६ ला जर्मनमध्ये ग्रंथ काढला. १९९२ ला गेला. आमचं घर धनगराचं, दिवाळीत हुलजंतीची यात्रा चुकवत नाही. आमच्या ओव्यांवर जर्मनमध्ये एवढं लिहिलंय, हे मला तिशीत कळलं आणि ते मूळ वाचता येत नाही याची हळहळ वाटली. इंग्रजी भाषांतर आहे, पण तरी. असं वाचणारं पोर आपल्या जिल्ह्यातून निघत असेल तर निघू द्या.

चाकणवाला:
सगळं छान आहे हो. पण पगार?

साखरपेठ:
पक्की सहायक प्राध्यापक झाल्यावर सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये, सातव्या आयोगाप्रमाणं. वर भत्ते. प्रश्न पगाराचा नाहीच, पक्कं होईपर्यंतच्या वर्षांचा आहे. ती वर्षं लांब असू शकतात आणि जागा थोड्या आहेत. त्या काळात शिकवण्या, भाषांतर, दुभाष्याचं काम, शाळांतल्या नोकऱ्या यांवर जगता येतं. मी जगले. पण घरचा आधार लागतो, हे पप्पांनी ऐकून ठेवावं.

आता संशोधन.

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी आम्हाला गेरहार्ट हाउप्टमानचं 'डी वेबर' लावलं होतं. वेबर म्हणजे विणकर. १८९२ चं नाटक, विषय १८४४ च्या जूनमधला सायलेशियाच्या विणकरांचा उठाव. पहिल्या अंकात विणकर आपापलं कापड घेऊन व्यापाऱ्याच्या पेढीवर रांगेत उभे असतात. कारकून प्रत्येक ताग्यात खोट काढतो आणि पैसे कापतो. एक लहान पोरगा भुकेनं तिथंच कोसळतो. मी वसतिगृहाच्या जिन्यात बसून ते वाचत होते आणि पुढं वाचवेना. आमचे आजोबा शनिवारी साड्या घेऊन पेढीवर जायचे. परत आले की आजी आधी त्यांच्या चेहऱ्याकडं बघायची, मग पिशवीकडं. "डाग काढला" एवढंच ते म्हणायचे. आमच्या घरात डाग हा शब्द कपड्यासाठी कुणी वापरायचं नाही, पैशासाठी वापरायचे.

आमच्या बाईंनी वर्गात विचारलं, या प्रसंगाबद्दल कुणाला काही बोलायचंय? मी उभी राहिले. मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये आजोबांचं सांगितलं. बाई खाली बसल्या आणि म्हणाल्या, "मी वीस वर्षं हे शिकवतेय. आज मला कळलं." त्या दिवशी माझा पीएच.डी.चा विषय ठरला.

खरा इतिहास असा. पेटर्सवाल्डाऊ आणि लांगेनबीलाऊ ही दोन गावं, आज दोन्ही पोलंडमध्ये आहेत. इंग्लंडच्या गिरण्यांचं स्वस्त कापड आलं, व्यापाऱ्यांनी हातमागाचे दर पाडले. सगळ्यात राग होता त्स्वान्त्सिगर नावाच्या पेढीवर. लष्करानं गोळीबार केला, अकरा माणसं मेली. हाउप्टमाननं नाटकात व्यापाऱ्याचं नाव केलं ड्रायसिगर. त्स्वान्त्सिगरमध्ये वीस आहे, ड्रायसिगरमध्ये तीस. ज्याला कळायचं त्याला कळलं. बर्लिनच्या पोलिसांनी जाहीर प्रयोगाला बंदी घातली, म्हणून पहिला प्रयोग १८९३ ला खासगी मंडळात झाला.

त्या प्रयोगाला एक तरुण चित्रकार बाई बसली होती, केथे कोलवित्स. तिनं चार वर्षं खपून त्यावर सहा चित्रांची मालिका केली. त्यातलं पहिलं मी कोलोनच्या तिच्या संग्रहालयात पाहिलं. बुटकी अंधारी खोली. पुढं पलंगावर लहान पोर मरणाच्या दारात. आई वाकलेली, दोन्ही हातांनी डोकं धरलेलं. आणि मागं माग. माणसांपेक्षा मागानंच जास्त जागा घेतलीय. मी तिथं किती वेळ उभी होते ठाऊक नाही. आमच्या जुन्या घरात असंच होतं. माग मधोमध आणि त्याच्या भोवती जिथं जागा उरेल तिथं आम्ही. पाळणासुद्धा मागाच्या लाकडाला बांधलेला. रखवालदार बाई जवळ आल्या, विचारलं, बरं वाटत नाही का? मी म्हटलं, आमच्या घराचं चित्र आहे.

माझं काम एवढंच. जर्मन साहित्यातले विणकर, हाइनेच्या १८४४ च्या कवितेपासून पुढं, सोलापूरच्या घरातून वाचायचे. बर्लिनचा अभ्यासक 'डी वेबर'मध्ये उपासमार वाचतो. मला त्यात डाग काढणाऱ्या कारकुनाची बोटंही दिसतात. तो कापड उजेडाकडं कसा धरतो, अंगठ्यानं कुठं घासतो, ते मी आजोबांकडून ऐकलेलं आहे. एका परिषदेत हे मांडल्यावर एका वयस्कर जर्मन प्राध्यापकांनी विचारलं की ताणा, बाणा, कांडी यांना तुमच्या घरी काय म्हणतात. त्यांनी वहीत तेलुगू शब्द लिहून घेतले, देवनागरीत. त्यांना देवनागरी येत होती.

होटगीरोड:
अक्का, डाग काढण्याचं वाचून गप्प झालो. मी आज त्या पेढीच्या बाजूला बसतो. माझेही आजोबा मागावरच होते.

पूर्वी_सीएचबी:
मी 'डी वेबर' तीनदा शिकवलंय, परीक्षेपुरतं. असं कधी शिकवलं नाही. खरं म्हणजे मला कुणी असं शिकवलंच नव्हतं. सातरस्ता, माझा पहिला प्रतिसाद मागं घेत नाही, पण त्याच्या शेजारी हा ठेवून वाचा.

नाट्यवेडा:
मराठीला जर्मन नाटक नवं नाही बरं का. पु.लं.नी ब्रेश्टवरून 'तीन पैशाचा तमाशा' केला, १९७८ ला पुण्याच्या थिएटर अ‍ॅकॅडमीनं उभा केला. विजयाबाई मेहतांनी वायमारच्या फ्रिट्झ बेनेविट्झसोबत काम केलं. पण 'डी वेबर' सोलापूरच्या बोलीत? हुतात्मा स्मृती मंदिरात? मूळ नाटक हाउप्टमाननं आधी सायलेशियाच्या बोलीतच लिहिलं होतं ना?

साखरपेठ:
हो, 'डे वाबर' नावानं, बोलीत. नंतर प्रमाण जर्मनच्या जवळ जाणारी प्रत केली. पहिला अंक मी आमच्या बोलीत केलाय. "काय करूलालास बे, तागा नीट धर की" अशा भाषेत. कारकून मराठीत बोलतो आणि विणकर आपसात तेलुगूत. उरलेले चार अंक व्हायचेत.

नाट्यवेडा:
पहिला अंक वाचायला द्या. आमच्याकडं पोरं आहेत, तालमीला जागा आहे.

श्टुटगार्टची_नर्स:
प्रयोग ठरला तर सुट्टी टाकून येणार.

सातरस्ता:
चार दिवस लिहिलं नाही, माफ करा. सगळा धागा मी घरात मोठ्यानं वाचून दाखवला. मेव्हण्यांनाही. आईनं, म्हणजे मुलीच्या आजीनं, मागाच्या चित्राचं दोनदा वाचायला लावलं. आमच्यापण घरात माग होता, मी सहा वर्षांचा असताना विकला. पोरीला हे माहीतच नव्हतं. ती रात्री उशिरापर्यंत आजीजवळ बसली होती.

आता कामाचं विचारतो. बारावीनंतर नेमकं कुठं?

साखरपेठ:
तीन वाटा आहेत. पहिली, दिल्लीला जेएनयू, थेट बी.ए. ऑनर्स जर्मन. सीयूईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, आधी जर्मन आलंच पाहिजे अशी अट नाही, तिला येतंय ते वरकड. दुसरी, हैदराबादचं इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठ. सोलापूरहून रात्रीच्या गाडीनं सकाळी पोचता येतं. तिसरी, पुण्यात पदवी आणि मग रानडे, किंवा मुंबई विद्यापीठात कलिन्याला एम.ए. जिथं जाईल तिथं सोबत गटे इन्स्टिट्यूटच्या जर्मनच्या परीक्षा देत राहायचं आणि एम.ए. संपायच्या आत सी१ गाठायचं. ५५ टक्क्यांच्या खाली एम.ए. जाऊ द्यायचं नाही, नेटला अडतं.

माझा कल हैदराबादकडं. एक विचारते, तिला तेलुगू येतं का?

सातरस्ता:
आजीशी तेलुगूतच बोलते. वाचता येत नाही.

साखरपेठ:
मग रविवारी सकाळी हिराचंद नेमचंद वाचनालयात पाठवा. मी असेन. पहिल्या अंकात विणकराच्या बायकोची सहा वाक्यं अडलीत, माझं तेलुगू बाहेर राहून गंजलंय. आजींना घेऊन आली तर फारच बरं.